कुशीच्या रेघा

पहाटे वीज गेली की हवेच्या गादीचा पंप बंद पडायचा, आणि पंप बंद पडला की म्हातारी हाक मारायची, "अगं पोरी, तुझं वासरू झोपलं बघ."

पलंगाच्या पायाशी टांगलेला पंपाचा तो डबा एरवी दिवसभर वासरासारखा फुसफुसत असायचा. गादीच्या नळ्यांत आळीपाळीने हवा भरायची आणि सोडायची, म्हणजे पाठीची एकच जागा सारखी दबायची नाही. म्हातारीला कमरेखालचं काही कळत नव्हतं. तीस वर्षं तिने खाणीत दगड फोडला. पाच वर्षांपूर्वी ढिगावरून पाय घसरला आणि कंबर गेली ती गेलीच. खांदे मात्र अजून तसेच होते. दंडावर हात ठेवला तर लाकूड लागल्यासारखं वाटायचं.

सून उठली. एक हात सासूच्या खांद्याखाली, एक कमरेखाली. "आई, श्वास घ्या. एक, दोन..." तीन म्हणायच्या आत तिने तिला डाव्या कुशीवर वळवलं. पाठीला उशी लावली, गुडघ्यांच्या मधे कापडाची घडी सरकवली. कोमट पाण्यात फडकं पिळून पाठ पुसली आणि माकडहाडावर दोन बोटं टेकवून पाहिलं. लाल नव्हतं. मग भिंतीवर खडूने आखलेल्या सात रकान्यांपैकी आजच्या रकान्यात तिने एक रेघ ओढली.

रेघेची पद्धत सून कामाला होती त्या संस्थेची होती. अंथरुणाला खिळलेल्या माणसांच्या घरी जायचं, जखमा धुवायच्या, पट्टी बदलायची, घरच्यांना शिकवायचं, हे तिचं काम. गावात सगळे तिला पट्टीवालीच म्हणत. नव्या घरी गेली की पहिल्या दिवशी ती भिंतीवर रकाने आखायची आणि सांगायची, "दर तीन तासांनी कूस बदलायची, दिवसाला आठ वेळा. बदलली की रेघ. नाही जमलं तर नाही जमलं, मी रागावणार नाही. पण कूस न बदलता रेघ ओढू नका. मी तुमच्या तोंडाकडे बघत नाही, भिंतीकडे बघते."

तिचा स्वतःचाही एक नेम होता. सासूची कूस बदलून पाठ बघितल्याशिवाय तोंडात घास घालायचा नाही. खाणीवरून सासूला उचलून आणली त्या दिवशी देवापुढे हात जोडून तिने तो मनातल्या मनात धरला, आणि पाच वर्षांत एकदाही मोडला नाही. म्हातारी चेष्टा करायची, "तुझ्या देवाला माझ्या पाठीशिवाय दुसरं काही बघायला नाही वाटतं?"

"तुमची पाठच बरी दिसते त्याला," सून म्हणायची. "तोंड उघडलं की पळून जातो."

त्या वर्षी पाऊस लांबला होता. विहिरींचे तळ दिसत होते आणि रस्त्याची धूळ घोट्यापर्यंत चढायची. संस्थेचीही तशीच गत होती. बाहेरून येणारी मदत थांबली, त्याला चार महिने झाले होते. सात जणांचा पगार नव्हता. पट्टीवालीचा नवरा संस्थेची जीप चालवायचा, म्हणजे घरात दोन पगार आणि दोन्ही एकाच झाडाला लागलेले. आता जीप पत्र्याच्या कार्यालयामागे उभी होती आणि तिच्या खाली कुणाच्या तरी कोंबडीने अंडी घातली होती. ड्रायव्हर रोज सकाळी धान्याच्या बाजारात पोती उचलायला जात होता. संध्याकाळी आला की मान वाकडी करून बसायचा. पट्टीवाली तेल चोळायची. दोघंही संस्थेबद्दल बोलत नसत. म्हातारी ऐकत असायची ना.

अशात शहरातून एक सल्लागार आला. अडचणीत आलेल्या संस्थांना सावरायचं, तिथल्या माणसांना धीर द्यायचा, असं त्याचं काम होतं. तरणा, पातळ अंगाचा, बोलायला फार मऊ. पहिल्या दिवशी त्याने सगळ्यांना गोल बसवलं, डोळे मिटायला सांगितले.

"खोल श्वास घ्या. ताण आत येऊ देऊ नका. श्वास आत... श्वास बाहेर..."

म्हातारा रखवालदार डोळे मिटूनच म्हणाला, "साहेब, चार महिने तोच घेतोय. तेवढा एकच मिळतोय."

हसू फुटलं. सल्लागारही हसला, पण त्याचे कान लाल झाले. मग त्याने चटईवरचा कागद उचलला, परत ठेवला. "खरं सांगतो," तो म्हणाला, "मला महिना संपेपर्यंतच ठेवलंय. पुढचं मलाही माहीत नाही." त्यानंतर कुणी त्याची चेष्टा केली नाही. रखवालदाराने त्याला आपल्यातला अर्धा चहा ओतून दिला.

दुपारी मोठ्या बाईंनी सगळ्यांना आत बोलावलं. मोठ्या बाई म्हणजे संस्था काढणाऱ्या. आयुष्यभर नर्स होत्या, आता सत्तरी उलटली होती. घरचं एकेक सामान विकून त्या औषधं आणत होत्या. खुर्ची विकली तेव्हापासून स्टुलावर बसायच्या.

"नऊ गाद्यांपैकी चारच पंप चालू आहेत," त्या म्हणाल्या. "बाकीचे दुरुस्त करायला पैसा नाही. सहा महिन्यांची मदत मिळू शकते, हे साहेब शब्द टाकतील. पण आधी त्यांना दाखवायला हवं, की आहे ते आपण योग्य माणसालाच देतो."

सल्लागाराने नियम सांगितला. जो स्वतःची कूस स्वतः बदलू शकतो, त्याच्याकडे हवेची गादी ठेवायची नाही. त्याने प्रत्येकाच्या घरी जाऊन बघायचं, कागदावर 'हो' किंवा 'नाही' लिहायचं.

लांबच्या वस्तीवरच्या शिंप्याचा पंप आठ दिवसांपूर्वी बंद पडला होता, त्याच्या पाठीला लाली यायला लागली होती, हे सगळ्यांना माहीत होतं. आणि चार चालू गाद्यांपैकी एक पट्टीवालीच्या घरात होती, हेही. दुसरी परिचारिका खिडकीबाहेर बघत म्हणाली, "घरच्या माणसांचं काय करायचं, ते आधीच ठरवा बाई. म्हणजे नंतर बोलाचाली नको."

"सगळ्यात आधी माझ्या घरी या," पट्टीवाली म्हणाली.

घरी येऊन तिने हे सासूला सांगितलं नाही. पण ड्रायव्हरने सांगितलं. त्याच्या पोटात काही राहत नसे.

दुसऱ्या दिवशी सल्लागार आणि मोठ्या बाई आल्या तेव्हा पलंगाच्या वरच्या वाशाला एक दोर बांधलेला होता, त्याला हाताच्या पकडीएवढी गाठ मारलेली.

"हे काय?" पट्टीवालीने विचारलं.

"सकाळी बांधून घेतला पोराकडून," म्हातारी म्हणाली. "बसा साहेब. चहा नाही, पण तमाशा फुकट आहे."

तिने दोन्ही हातांनी गाठ पकडली. दंडावरच्या शिरा वर आल्या. दात ओठांत रुतले. खाणीत घण उचलताना काढायची तसा घशातून एक हुंकार काढला आणि तिचे खांदे फिरले. मान फिरली, छाती फिरली, तोंड भिंतीकडे झालं. पलंग करकरला.

"शाब्बास!" सल्लागार उभाच राहिला. "आजी, कमाल आहे तुमची!"

"कमाल कसली. दगडापेक्षा हलकीच आहे मी." ती धापा टाकत होती.

पट्टीवाली पायथ्याशी उभी होती. चादरीखाली कंबर होती तिथेच होती. एक बोटभरसुद्धा हलली नव्हती. दोन्ही पायांची टोकं छताकडेच बघत होती. वरचं धड भिंतीकडे आणि खालचं वर, फडकं पिळताना पडतो तसा मधे पीळ पडला होता. हे बघायला शिकलेले डोळे त्या खोलीत दोन जणींचेच होते. मोठ्या बाईंचा चष्मा मोडून महिना झाला होता.

"ताई, तुम्ही सांगा," सल्लागार तिच्याकडे वळला. "तुम्ही जाणकार. हो लिहू ना?"

भिंतीकडे तोंड करून म्हातारी म्हणाली, "ती काय सांगणार? मी वळले की नाही ते मला कळत नाही होय?"

पट्टीवालीला वाटलं, आता बोलावं. आणि त्याच क्षणी खिडकीबाहेर बघणारी ती परिचारिका डोळ्यांपुढे आली. शिंप्याची लाल झालेली पाठ आली. सहा महिन्यांची मदत आली.

"हो," ती म्हणाली.

गादी काढताना ड्रायव्हरने पंपाची नळी ओढली. हवा सुसकारा टाकत गेली. म्हातारी म्हणाली, "जा रे वासरा, चांगल्या घरी जा." खाली कापसाची जुनी गादी आली.

पहिला आठवडा पट्टीवाली धावत राहिली. सकाळी कूस बदलून जायची, दुपारी उन्हातून सायकल मारत परत यायची, पुन्हा बदलायची, पुन्हा जायची. म्हातारी दर वेळी म्हणायची, "अगं, मी वळले होते. रेघ बघ." भिंतीवर रेघ असायची. खडू म्हातारीने उशीखाली ठेवून घेतला होता. हात लांब, भिंतीपर्यंत आरामात पोचायचा. पाठ बघितली तर लाल नव्हती. पट्टीवालीला वाटू लागलं, असेल बाई, जमत असेल. दोराने थोडी थोडी कंबरही सुटत असेल. माणसाला जे हवं असतं, ते ते हळूहळू खरं धरायला लागतं.

दुसऱ्या आठवड्यात ती परिचारिका काम सोडून गेली. तिचा धाकटा आजारी होता आणि पाचव्या महिन्याचाही पगार नव्हता. लांबच्या वस्त्या पट्टीवालीच्या वाट्याला आल्या. जीप नाही, म्हणजे सोमवारी निघायचं, तिकडेच कुणाकडे तरी राहायचं, गुरुवारी परत.

"मी नाही जात," ती म्हणाली.

"जा," म्हातारी म्हणाली. "तुझी सतरा माणसं. मी एक. माझ्याकडे दोर आहे."

"अहो, तुम्ही सकाळ-संध्याकाळ कूस बदला त्यांची," तिने नवऱ्याला सांगितलं. "पाठ बघा."

"पाठ?" म्हातारी उसळली. "पोटच्या पोरापुढे उघडी पडू? लघवीची पिशवी रिकामी करतो तेवढं पुष्कळ झालं. कापड बदलायला शेजारीण येईल. तू फक्त रेघा बघत जा रे."

ड्रायव्हरने मान हलवली. तो आईचं ऐकणारा माणूस होता.

शिंप्याचं घर लांबच्या वस्तीवर शेवटचं. तो आणि त्याची थोरली बहीण, दोघंच. खाली पंप फुसफुसत होता. पट्टीवालीने गादीखाली हात सरकवून हवा पुरेशी आहे का बघितलं, मग त्याची पाठ बघितली. लाली उतरत होती.

"ताई, ही गादी कुणाच्या पाठीखालची?" शिंप्याने विचारलं.

"संस्थेची."

"खोटं तुम्हाला शिवता येत नाही. टाके दिसतात."

तिला हसू आलं. मग तिने सांगितलं. सासूचा दोर सांगितला, घण उचलल्यासारखा हुंकार सांगितला, रोजच्या रेघा सांगितल्या. सांगताना तिला अभिमान वाटला.

"खाणीतली बाई ती," शिंपी म्हणाला. "माझे हात सुईचे."

बहिणीने ताट वाढलं. पट्टीवालीचा हात घासाशी थांबला. नेम आठवला. तिने डोळे मिटले. घरची भिंत डोळ्यांपुढे आणली, भिंतीवरच्या रेघा आणल्या. बदलली असेल कूस. मग तिने घास तोंडात घातला. चार दिवस ती अशीच जेवली.

गुरुवारी दुपारी ती पोचली तेव्हा घरात सामसूम होती. उन्हाने दाराची कडी तापली होती. आत पाऊल टाकलं आणि पहिल्यांदा भिंत बघितली. सोमवार, आठ रेघा. मंगळवार आठ. बुधवार आठ. छातीवरचा दगड उतरल्यासारखं झालं.

मग तिने गुरुवार बघितला. दुपार होती आणि रात्रीपर्यंतच्या रेघा ओढलेल्या होत्या. शुक्रवारच्याही आठ. शनिवारच्याही. शनिवारच्या शेवटच्या दोन वाकड्या, खडू घसरत खाली गेलेला.

नाकाला वास कळला. सतरा घरांतला ओळखीचा वास.

"आई!"

म्हातारी पाठीवर होती. गाल तापाने लाल. "आलीस? बरं झालं. जेवलीस का?"

पट्टीवालीने हातातली पिशवी खाली टाकली. एक हात खांद्याखाली, एक कमरेखाली. एक, दोन, तीन. चादर पाठीला चिकटून आली. माकडहाडावर मूठ मावेल एवढी जागा काळी पडली होती आणि कडेने पाणी सुटलं होतं.

"दोन दिवस खांदे वळवले," म्हातारी हळू म्हणाली. "मग नाही जमलं. तू भिंतीकडे बघतेस ना, म्हणून ओढत राहिले. आज सकाळी हात थरथरायला लागला, म्हटलं पुढच्याही ओढून ठेवाव्या. नाहीतर परत आलीस की काम सोडून बसशील माझ्यापाशी."

"मी तिकडे जेवले, आई," पट्टीवाली म्हणाली. "चारही दिवस जेवले मी."

"मग? उपाशी मरायचं होतं?"

संध्याकाळी ड्रायव्हर आला. बायको जमिनीवर बसून पाणी उकळत होती. त्याने पाठ बघितली, आणि मग त्याला आईची लाज राहिली नाही, आईलाही त्याची राहिली नाही. "मी रोज मोजायचो गं," तो म्हणत राहिला. "आठच्या आठ. वास येतोय म्हटलं, तर म्हणाली पत्र्यात उंदीर मेला असेल. मी वर चढून उंदीर शोधला."

शेजारीण पदरात तोंड घालून दारात उभी राहिली. "मला म्हणाली जुना डाग आहे, सुनेला ठाऊक आहे."

"ठाऊक होतं," पट्टीवाली म्हणाली.

सकाळी रखवालदाराने घरोघर फिरून डिझेलपुरते पैसे जमवले. पाच महिने पगार न मिळालेल्या माणसांनी दिले. जीपखालची अंडी त्याने टोपीत काढून ठेवली. ड्रायव्हरने आईला मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथे तीन दिवस ठेवलं, चौथ्या दिवशी घरी न्या म्हणाले.

मोठ्या बाई आल्या. म्हातारीच्या पायांशी बसल्या. "मी आजच्या आज शिंप्याकडून गादी मागवते."

म्हातारीने डोळे उघडले. "बाई, दुसऱ्याच्या पाठीखालून ओढून माझ्या पाठीखाली घालणार? मग मी दोर कशाला ओढला?"

पट्टीवाली दर तासाला कूस बदलत होती. रेघ ओढत नव्हती. भिंत तशीच भरलेली होती, खऱ्या रेघांना तिच्यावर जागाच नव्हती. पुढच्या बुधवारी सकाळी तिने पाणी कोमट केलं, फडकं पिळलं, हात खांद्याखाली घातला, आणि एक म्हणताच तिला कळलं. तरी तिने दोन म्हटलं, तीन म्हटलं. सासूला डाव्या कुशीवर वळवलं, पाठ पुसली, गुडघ्यांमधे कापडाची घडी ठेवली. मग नवऱ्याला हाक मारली.

सहा महिन्यांची मदत मंजूर झाली. जेवढी मागितली त्याच्या अर्धी. दोन पगार निघाले, दोन पंप दुरुस्त झाले. सल्लागाराचंही काम आणखी महिनाभर वाढलं. तो पुन्हा कागद घेऊन फिरायला आला. कुठे जीप जायची, कुठे नाही. शिंप्याच्या वस्तीपर्यंत ड्रायव्हरने त्याला आणि पट्टीवालीला नेलं.

शिंप्याच्या पलंगावर वाशाला दोर बांधलेला होता. दोराला गाठ मारलेली.

पट्टीवाली दारातच थांबली.

"साहेब, मला जमतं आता," शिंपी म्हणाला. त्याची बहीण कोपऱ्यात डोळे पुसत होती. "गादी घेऊन जा. दुसऱ्या कुणाला द्या. बघा."

त्याच्या बारीक, सुईसारख्या हातांनी गाठ पकडली. मानेच्या नसा ताणल्या. खांदे वळले. तोंड भिंतीकडे झालं आणि तो तिथेच धापा टाकत राहिला.

सल्लागाराने पेन उघडलं, पण लिहिलं नाही. तो तिच्याकडे बघत होता.

ती पुढे गेली. चादरीवरून शिंप्याच्या कमरेवर तळहात ठेवला. कंबर सपाट होती. पायांची टोकं छताकडे.

"खांदे वळले," ती म्हणाली. मग सल्लागाराकडे वळली. "खांदे वळले, साहेब. कंबर नाही वळली. नाही लिहा."

"ताई," शिंपी भिंतीशीच बोलला, "तुमच्या सासूबाई गेल्यापासून मला या गादीवर झोप लागत नाही हो."

"मलाही लागत नाही," ती म्हणाली. "सोडा दोर."

त्याची बोटं एकेक करून तिने गाठीवरून सोडवली. एक हात खांद्याखाली घातला, एक कमरेखाली. एक, दोन, तीन. शिंपी पूर्ण वळला. तिने गुडघ्यांमधे घडी ठेवली, सदरा वर केला, दोन बोटं माकडहाडावर टेकवली. लाल नव्हतं. खडू उचलून तिने भिंतीवर एक रेघ ओढली. एकच.

"उन्हातून आलात," बहीण म्हणाली. "ताट वाढू का, ताई?"

पट्टीवालीने पुन्हा एकदा त्याच्या पाठीकडे बघितलं.

"वाढा," ती म्हणाली, आणि हात धुवायला उठली.